पाच बोटांवरची नावं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ति. शिवम्मा अक्कांना दानेश्वरीचा शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल. तुमच्या भावाच्या कारखान्यात टॉवेलची मोठी ऑर्डर आहे, आज रविवारीही हे कामावर गेलेत. राजनंदिनी पहिलीत आहे, पुढचे दोन दात पडलेत आणि हसताना तोंडावर हात धरते. मामंजींची तब्येत उत्तम. सकाळी लिंगपूजा, मग ओट्यावर पेपर. जाणारा-येणारा अजून ‘गुरुजी’ म्हणून वाकतो.

तुम्ही माहेरचा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. ते राजनंदिनीच्या दप्तरात असेल. उद्या सकाळी तिला तुमच्या दारात सोडून मी लगेच परत फिरणार आहे. समोर उभं राहून मला हे बोलता येणार नाही.

आमच्या शाळेत जानेवारीत मी चौथीला एक धडा घेतला. कोणाचा स्पर्श नको वाटला तर ‘नाही’ म्हणायचं, तिथून निघायचं, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. मुलांनी वहीत आपापला पंजा आखला आणि पाच बोटांवर विश्वासाच्या पाच माणसांची नावं लिहिली. अर्शी नावाची एक मुलगी आहे. तिच्या अंगठ्यावर तिनं माझं नाव लिहिलं होतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवत फिरले.

मग तपासणीचं पत्र आलं. शाळेत तक्रारपेटी आहे, किल्ली माझ्याकडे. वर्षभरात तिच्यात एक कागद पडलेला नाही आणि रिकामी पेटी साहेबांना चालत नाही. मग आम्ही दरवेळी करतो तेच केलं. फळ्यावर तक्रारी लिहून दिल्या, मुलांनी उतरवून घेतल्या. नळ गळतो. बाक मोडलाय. घड्या घालताना एक चिठ्ठी वेगळी निघाली. नाव नव्हतं, पण हिरव्या पेनानं वर्गात एकटी अर्शीच लिहिते.

‘बाई मला तुमच्या घरी शिकवणीला यायचं नाही. तुम्ही स्वयंपाकघरात गेल्यावर आजोबा आतल्या खोलीत नेतात आणि दार लावतात. मी नाही म्हटलं होतं.’

अक्का, मी ती चिठ्ठी पेटीत टाकली नाही. घरी आणून तुरीच्या डब्यात तळाशी ठेवली. दहा दिवस डाळ काढताना बोटांना लागत होती.

यांना सांगितलं. यांनी आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, “शिकवणी बंद कर. विषय संपला. आणि हे गल्लीत गेलं तर आपण कुटं राहायचं?” मी शिकवणी बंद केली. अर्शीच्या आईला, लालबीला, कंबर धरलीय म्हणून सांगितलं. ती दिवसभर टॉवेलच्या कडा शिवते, तिचीच कंबर मोडलेली. दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली घेऊन आली. “बाई, पडा तुमी. मी चोळून देते की. माझ्या पोरीसाठी लई केलं तुमी.” मी पडले, अक्का. तिनं अर्धा तास माझी कंबर चोळली आणि मी उशीत तोंड घालून गप्प पडून राहिले. लाज वाटते लिहायला.

आत्ताच मामंजींनी बाहेरून विचारलं, “काय लिहितीस गं एवढं?” पेपर तपासतेय म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. या घरात बारा वर्षांत मी तेवढं मात्र शिकले.

परवा त्यांनीच ओट्यावरून लालबीला हाक मारली. “बाईला बरं नसंल तर मी हाय की. सोमवारपासून पाठव पोरीला.” ती बिचारी त्यांच्या पाया पडली. मी दारातच उभी होते. त्याच संध्याकाळी राजनंदिनीनं माझ्या वर्गाच्या वह्यांतलं बघून पाटीवर आपला पंजा आखला. अंगठ्यावर आई आणि त्याच्या शेजारच्या बोटावर आजोबा.

मग मला तुमचं एक वाक्य आठवलं. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर तुम्ही कानात म्हणाला होतात, “तुला मुलगी झाली तर सुट्टीला माझ्याकडं पाठव. हितं ठेवू नको.” मला ती माया वाटली. लग्नानंतर तुम्ही एकदाही इथे आला नाहीत. होटगी काय लांब आहे? सगळे म्हणायचे, शिवम्मा गर्विष्ठ आहे. मीही म्हणत होते. माफ करा. मी तुम्हाला काही विचारणार नाही. तुम्ही कोणापुढे काही सांगावं अशी अटही नाही. पण तुम्ही मला सांगत होतात, आणि मला ऐकू आलं नाही, एवढं मात्र मला कळलंय.

काल शाळा सुटल्यावर चिठ्ठी पेटीत टाकली. सोबत माझा एक कागद, सहीनिशी: ही चिठ्ठी मी दहा दिवस लपवली, घर माझं आहे, आजोबा म्हणजे माझे सासरे. कुलूप लावलं आणि किल्ली मुख्याध्यापिकांच्या हातात दिली. आता माझं मन बदललं तरी पेटी माझ्यानं उघडणार नाही. मला माझी खात्री नव्हती, म्हणून असं केलं. होटगीहून परतताना आधी लालबीकडे जाणार आहे. तिनं हे पेटीतून नाही, माझ्या तोंडून ऐकावं. ती मला मारेल. मारू दे.

यांना अजून काही माहीत नाही. रात्री जेवायला शेंगाची पोळी कर म्हणून सांगून गेलेत. करणार आहे.

राजनंदिनीला दूध गार लागतं. अंधाराला घाबरते, दिवा चालू ठेवा. आई कधी येणार विचारलं तर खोटं सांगू नका, माहीत नाही म्हणा.

सोमवारी अकरा वाजता तपासणीला आलेल्या साहेबांपुढे पेटी उघडेल. तोपर्यंत तुमची वहिनी,

दानेश्वरी