कपाटातल्या चार डांबराच्या गोळ्या

ताई,

तुझं ऐकलं हेच चुकलं. "झुरळं झालीत? डांबराच्या गोळ्या ठेव, एक दिसायचं नाही," म्हणालीस. ठेवल्या. झुरळ दिसत नाही खरं, पण एका पोरीचं तीन महिन्यांचं काम बुडालं आणि आता माझंही बुडेल. (नमस्कार राहिला, तो घे. गुडघा कसा आहे? डॉक्टरकडे गेली नसशीलच.)

मी झाडलोट करते त्या प्रयोगशाळेत एक पोर आहे, इतकी बारीक की सगळे तिला काडीच म्हणतात. ती एक पांढरी पूड बनवते. तिच्या कणाकणाला भोकं, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढाली. कशाला, तर वाईट वायू शोषून घ्यायला. आता दिसतच नाहीत ती भोकं मोजायची कशी? तर पुडीवर एक्स-रे मारायचे, त्याची चढउताराची एक रेघ येते. मग कॉम्प्युटरात तीच पूड खोटी खोटी रचायची, तिचीही रेघ काढायची, आणि दोन्ही एकमेकींवर बसतात का बघायचं. (लग्न जुळवताना दाखवलेला फोटो आणि समोर आलेला माणूस, तसंच. माझं तुला माहीतच आहे.)

तर रेघा बसेनात. कॉम्प्युटर म्हणे भोकं रिकामी, एक्स-रे म्हणे भरलेली. पोरीने सगळं पाच वेळा नव्याने मांडलं. डबा आणते तसाच परत नेते. मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला हे झेपत नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत जुळलं नाही तर काम बंद." मी तिथंच लादी पुसत होते. माझ्याकडे कोण बघतंय?

सोमवारी पुडीच्या उघड्या बाटल्यांचं कपाट पुसायला उघडलं, तर मी ठेवलेल्या चारही गोळ्या झिजून हरभऱ्याएवढ्या आणि कपाटाला वास म्हणून नाही. माझ्या ट्रंकेत दोनच टाकल्या तर साडी चार दिवस अंगाला लावता येत नाही! सगळा वास त्या पुडीच्या भोकांनी गिळला होता, आणि पोर तिकडं स्वतःला मूर्ख म्हणत बसलेली. "कपाटात काही ठेवू नये" अशी पाटी होती म्हणे. पाट्या वाचत बसले तर लादी कोण पुसेल? (वाचली होती. अक्षराला अक्षर लावत, पण वाचली होती.)

सांगावं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर मिळालेली ही खोलीही. न सांगावं तर पोर जाणार. तू मोठी आहेस, काय करू ते लिही.

तुझी धाकटी

ता. क. सल्ला नको. तुझ्या सल्ल्याने काय होतं ते बघितलं. पोरीला काल सांगून टाकलं. आधी रडली, मग हसली, मग गोळ्या कागदात बांधून घेतल्या. म्हणाली, "मावशी, पूड तापवली की निघेल सगळं. तुमचं नाव नाही घेणार मी. गोळ्या मीच ठेवल्या म्हणेन." म्हणजे मूर्ख परत तीच! मी शुक्रवारी सरांना स्वतः सांगणार आहे.

ता. क. दुसरा. तुझी मागची खोली रिकामी आहे ना? तिथं गोळ्या टाकल्या असशील तर आधी काढ. नाही म्हणालीस तरी मी सांगणारच, पण ट्रंक कुठं न्यायची ते कळायला हवं. हो की नाही, एवढंच लिही. गुरुवारच्या आत.