कुंपणापलीकडची लिंबं

तीर्थरूप बाबा,

पायांवर डोकं, आणि दुखऱ्या गुडघ्यावर हलकेच हात. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवते वेळेवर. आईला तसं सांगा. गुडघ्याला शेक घेताय ना, की नुसतंच हो हो?

सध्या आम्हाला रोमन कायदा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी घालून दिलेल्या पायावर आज कितीतरी देशांचे कायदे उभे आहेत. मागच्या आठवड्यात परीक्षेत प्रश्न आला: शेजाऱ्याच्या झाडाची फळं आपल्या अंगणात पडली, तर ती कोणाची? मला हसूच फुटलं. अहो, ही तर कुंपणापलीकडच्या काकाची लिंबं! मी ठणकावून लिहिलं, आपलीच, कारण शेजारी आडमुठा आहे.

सरांनी भोपळा दिला. रोमन म्हणायचे, फळं झाडाच्या मालकाची. त्याने एक दिवसाआड येऊन वेचावीत, शेजाऱ्याने त्याची वाट अडवायची नाही. खाली सरांनी लाल शाईने विचारलंय, "आडमुठा कशावरून? त्याची बाजू ऐकलीत?"

बाबा, रागावू नका. तुम्हा भावांच्या या भांडणात दहा वर्षं मी तुमचीच बाजू ऐकत आले. म्हणून काल काकाला फोन लावला. वाटलं, लिंबांवरून तासभर ऐकवेल. तो एवढंच म्हणाला, "दादाला जिना चढता येतो का गं आता?"

फाटकाची कडी एक दिवसाआड तरी काढून ठेवाल?

अजूनही तुमच्याच बाजूची,
लेक