पावलासाठी थांबणारी ढोलकी

पितों
३० ऑगस्ट १९८७

प्रिय गजेंद्र,

आज रविवार. सकाळी कपडे धुतले, देवळात जाऊन आले, दुपारी भात आणि ब्रेदची पालेभाजी केली. आई थोडंच जेवली आणि कॅसेट घेऊन खोलीत गेली. मी ओट्यावर बसून लिहिते आहे. पाऊस येईल असं दिसतंय.

तुझं पार्सल गेल्या आठवड्यात पोचलं. कॅसेटच्या डब्यावर वर बाबांचा फोटो, खाली तुझं आणि पॅरिसच्या त्या स्टुडिओचं नाव. हरिलालच्या बुतिकेत गल्ल्यापाशी तिघांनी तो डबा हातात घेऊन पाहिला. हरिलाल म्हणाला, आपला ढोलकीवाला नंदलाल आता फ्रान्समध्ये विकला जाणार. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू लिहिलंस की बाबांचा आवाज चांगला आला होता, पण ढोलकी तालात नव्हती, दर फेऱ्याला एकदा मागे पडत होती. म्हणून ढोलकी काढून यंत्राची घातली, मधल्या मोकळ्या जागा कापल्या, कुत्र्याचं भुंकणं आणि बांगड्यांचा आवाजही गेला. आता एकही चूक नाही, असं तू लिहिलंस.

ते वाचून मला राग आला होता, पण तेव्हा वाटलं, आपल्याला यातलं काय कळतं. शुक्रवारी कळलं.

बाबांना जाऊन चार महिनेच झाले, म्हणून यंदा घरी गणपती नव्हता. पण झाकरी नाचाचा ढोलकीवाला गेला की पुढच्या गणपतीत त्याची ढोलकी मध्ये ठेवून त्याच्या नावाने एक फेर धरायचा आणि घरच्या बाईने त्यात पहिलं उभं राहायचं, ही बेटावरच्या आपल्या मराठी मंडळींची रीत तुला ठाऊक आहे. हा फेर नुसत्या टाळ्यांवर होतो. यंदा कृष्णदेवकाका म्हणाले, टाळ्या कशाला, पोराने बापाचाच आवाज पाठवलाय. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

आईचा डावा पाय तू पाहिला आहेस. ऊस तोडताना कोयता लागला तेव्हा तू खूप लहान होतास, त्यामुळे त्याआधीची तिची चाल तुला आठवणार नाही. मला आठवते. पाय बरा झाल्यावर पहिल्या गणपतीत ती फेरात यायला तयार नव्हती. बाबांनी तिला काही समजावलं नाही. ते ढोलकी गळ्यात अडकवून बसले आणि ती उभी राहीपर्यंत वाजवेनात. तेव्हापासून फेर उलटा वळतो त्या जागी त्यांची थाप थांबायची. आईचं डावं पाऊल ओढत यायचं, जमिनीला टेकायचं, मग थाप पडायची. तेवढ्यात वत्सलाकाकी पदर खोचून घ्यायची, पोरं दम खायची. हरिलाल ओरडायचा, "नंदलाल, बायको येईपर्यंत चहा पिऊन येऊ का रे?" बाबा म्हणायचे, "जा, मलाही आण." आणि हात वरच धरलेला. गेल्या वर्षी पाय जास्त दुखत होता तर ते जास्त थांबले. कुठल्याही दोन फेऱ्यांना ते सारखे थांबले नसतील. यालाच तू चूक म्हणतोस.

शुक्रवारी, गणपतीच्या दिवशी, देवळाच्या अंगणात कॅसेट लावली. बाबांचा आवाज आला आणि बायका रडायला लागल्या. आई रडली नाही, ती वळणाची वाट पाहत होती. वळण आलं आणि निघून गेलं. तिचं पाऊल हवेतच होतं. मागून येणारी बसंती तिच्यावर आदळली. दुसऱ्या फेऱ्याला तेच झालं. तिसऱ्या फेऱ्याला आई हात सोडून बाहेर आली आणि पायरीवर बसली. गाणं चालूच राहिलं, बाबांच्याच आवाजात. आईने आयुष्यात त्यांचं नाव घेतलेलं नाही, तेव्हाही घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "हे ते नव्हेत. ते थांबले असते."

गुडलँड्सच्या कारखान्यात मी दिवसभर शिलाई मशीनवर असते. मशीन कुणासाठी थांबत नाही आणि त्याने थांबावं असं मला वाटतही नाही. पण बाबा मशीन नव्हते. तू अंत्यविधीला पोचला नाहीस, तिकीट मिळालं नाही, ते मी मनात धरलेलं नाही. हे मात्र धरलं आहे. गेल्या गणपतीत तूच इथे माइक लावून बसला होतास. तुझ्या डोळ्यांसमोर आई पाऊल ओढत येत होती. परक्या माणसाला ते दिसलं नाही तर समजू शकते. तुला कसं दिसलं नाही?

मघाशी पाणी द्यायला खोलीकडे गेले. आई भिंतीला हात टेकून उभी होती, दुसरा हात कॅसेटच्या मशीनवर. वळण आलं की ती बटण दाबून गाणं थांबवते, पाऊल ओढून आणते, टेकवते, मग बटण सोडते. कधी लवकर सुटतं, कधी उशीर होतो. मग मागे नेऊन पुन्हा. मी दारातूनच परत आले आणि लिहायला बसले. मूळ टेप आता कामाची नाही, तिच्यावर डिसेंबरात दुसरं काही घेणार, असं तू लिहिलं आहेस. तिला हात लावू नकोस. कुत्रा, बांगड्या, उशिराची थाप, सगळं आहे तसं पाठव. काही दुरुस्त करू नकोस. ती येईपर्यंत मला दुसरं पत्र लिहू नकोस.

पाऊस सुरू झाला. दोरीवरचे कपडे काढायला जाते.

राग आहे, तरी तुझीच ताई,
सत्यवती