बाबांच्या नावाचा पेला

पांढुर्णा,
९ फेब्रुवारी

प्रिय केतन,

अनेक आशीर्वाद. आईनं पत्र काहून लिहिलं, असं तुला वाटेल. जे सांगायचं आहे ते एका दमात बोलणं मला जमलं नसतं, म्हणून कागद घेतला. इथलं सगळं ठीक. भांड्यांचं दुकान तुझा चुलतभाऊ शुभम नीट सांभाळून राहिला. थंडी ओसरली, संत्र्याचे ट्रक भरून नागपूरकडे जाताहेत. तुझ्या बाबांचा उजवा हात अजून तसाच आहे, पाय मात्र सुधारला. काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. काहून जातात ते पुढं लिहिते.

ऑक्टोबरात तू मला तिकडं स्पेनला बोलावून घेतलंस, त्यातलं ते जेवण मी विसरू शकत नाही. ओव्हिएदोबाहेरच्या गावातलं ते जुनं दगडी हॉटेल, आणि पहिल्यांदाच भेटलेले आपल्या होणाऱ्या सुनेचे, इनेसचे आईवडील. वाढणारा माणूस बाटली डोक्याच्या वर धरायचा, पेला गुडघ्याशी, आणि न बघता सफरचंदाच्या दारूची बारीक धार बरोबर पेल्यात सोडायचा. तिचा आंबूस वास सगळीकडे भरला होता. मला तू साधा रस मागवलास. पांढऱ्या मोठ्या राजम्यासारख्या बियांची ती त्यांची उसळ, फाबादा, डुकराच्या मांसाशिवाय होत नाही म्हणे. पण तू आदल्या दिवशी फोन करून माझ्यासाठी वेगळं मातीचं भांडं चढवायला लावलंस, नुसतं केशर आणि तेल घालून. वाढायला आला तेव्हा पुन्हा दोनदा विचारून खात्री केलीस. मला तेव्हा किती भरून आलं होतं. शेवटी ती दुधातली भाताची खीर आली, वर साखर जाळून पापडी केलेली. इनेसच्या आईनं, पिलारबाईंनी, स्वतःच्या वाटीतली पापडी काढून माझ्या वाटीत ठेवली.

तेव्हाच मला वाटलं की आता बोलावं. मी म्हणाले, "केतनच्या बाबांनी तुम्हा सगळ्यांना नमस्कार सांगितला आहे. त्यांना विमानाचा प्रवास जमत नाही. पण सूनबाईला एकदा डोळे भरून पाहायचं आहे म्हणतात." तू मान खाली घालून ऐकलंस आणि दीडच वाक्यात ते त्यांच्या भाषेत सांगितलंस. मला वाटलं, त्यांची भाषाच आटोपशीर असेल. पिलारबाईंचे डोळे भरले, त्यांनी माझा हात धरला आणि छातीवर बोटांनी क्रूस काढला. मग इनेसचे वडील उठले, पाठोपाठ सगळे उठले आणि बाबांच्या नावानं पेले उचलले. मीही रसाचा पेला उचलला. एवढा मान आपल्या माणसाला सातासमुद्रापार मिळाला, म्हणून मी रडले. तुझ्याकडे पाहिलं तर तू बशीतला पाव कुस्करत होतास.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून दहादा ऐकलं. शेजारच्या गजेंद्रभाऊंना हाक मारून, "सांग न प्रेमा, कसे उभे राह्यले सगळे," असं पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन चालायला लागले. सून येईल तेव्हा फाटकात उभं राहून तिला घरात घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. सकाळी चहाच्या आधी "इनेस, इनेस" म्हणून बघतात. शेवटचा 'स' जिभेला सापडत नाही.

गेल्या महिन्यात पिलारबाईंचं पार्सल आलं. मी आत होते. बाबांनीच डाव्या हातानं सही करून घेतलं. त्यात त्याच बियांची पिशवी, एक जाड पांढरी मेणबत्ती आणि एक कार्ड होतं. गजेंद्रभाऊंची अमृता कॉलेजातून आली होती. तिनं कार्डावर मोबाईल धरला आणि मराठीत आलेलं मोठ्यानं वाचायला लागली. "तुमच्या दिवंगत पतीच्या आत्म्यासाठी आम्ही चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्या दिवशी जेवताना तुम्ही ज्या धीरानं त्यांची आठवण काढली..." एवढं वाचून तिला कळलं, ती थांबली. बाबा दिवाणावर बसले होते. म्हणाले, "वाच, वाच पुढं." तिनं रडत रडत पुरं केलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे मले मरून तीन वर्सं झाले म्हन्ते." आणि त्या पोरीची समजूत घालायला तिच्या हातात संत्रं दिलं.

केतन, मी पुष्कळ विचार केला. तीन वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला त्या रात्री नागपूरच्या डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितलं होतं आणि मी फोनवर तुझ्याजवळ हंबरडा फोडला होता. त्याच दिवशी तू इनेसला बाबा गेले म्हणून सांगितलं असशील. इथवर मी समजू शकते. पण ते वाचले. मग तू काहून गप्प राहिलास? बाप आहे म्हटलं तर ती माणसं विचारणार, तीन वर्षांत एकदाही भेटायला कसा गेला नाहीस? गेलेल्याला भेटायला जावं लागत नाही. आणि हे तू स्वतःच्या तोंडानं बोलला असतास तरी मी गिळलं असतं. तू ते माझ्या तोंडी घातलंस. माझ्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. त्या लोकांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तुला होता. माझ्या ताटात मांसाचा तुकडा येऊ नये म्हणून जपलंस, आणि त्याच टेबलावर माझा नवरा मारून टाकलास.

मी पिलारबाईंना त्याच दिवशी लिहायला बसले होते. बाबांनी कागद काढून घेतला. "पोराचं लग्न मोडंल. राहू दे मले मेलेला." मला शपथ घातली. फाटकापर्यंतचं चालणं त्यांनी त्यानंतरही काहून सोडलं नाही, हे मला कळत नाही आणि विचारवतही नाही.

मे महिन्यातल्या लग्नाला तू मला एकटीला बोलावलंस. मी येणार नाही. नवरा घरी बसलेला असताना त्याच्यामागं राहिलेली बाई म्हणून मी कुठल्याच मांडवात उभी राहणार नाही. शपथ पाळते, तिकडं काही लिहिणार नाही. तिथं काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण दर रविवारी तुझा फोन येतो, तो मी उचलते. बाबा शेजारीच असतात, तू मला विचारतोस "बाबा बरे आहेत ना?", आणि मी "बरे आहेत" म्हणते. हे आता बंद. तेवढं सांगायलाच हे पत्र. या रविवारपासून फोन बाबा उचलतील. त्यांचं बोलणं जड आहे, कळायला वेळ लागतो. मधेच ठेवू नकोस.

तुझीच आई,
सौ. प्रेमलता मोरेश्वर घाटोडे