मागे राहिलेला आवाज

३ मार्च
आलो एकदाचे! थिएटरच्या समोरच, रस्त्यापलीकडे दोन खोल्या मिळाल्या आहेत. मला आणि आईला भरपूर झाल्या. ऑपरेटरची नोकरी, तीही अशा ठिकाणी जिथे फक्त हॉलिवूडचे सुरुवातीचे बोलपट लावतात. मला लॉटरीच लागली. त्या काळच्या कितीतरी बोलपटांचा आवाज तबकडीवर असायचा, आणि इथे अजून तसंच चालतं. एका मोटरवर इकडे रीळ फिरतं, तिकडे तबकडी. सुई खुणेवर ठेवायची आणि बटण दाबायचं. मालकांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली. फिल्म तुटून तुकडा काढावा लागला, तर तेवढीच काळी फिल्म तिथे जोडायची. चित्र आखूड होतं, तबकडी होत नाही, मग आवाज मागे पडतो. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

५ मार्च
आई दुपारच्या खेळाला आली. तिला आता उजेड आणि सावली यापलीकडे दिसत नाही, पण कान भलतेच तिखट. रस्ता एकटीने ओलांडते. काठी टेकून कडेला उभी राहते आणि गाड्यांचा आवाज निवला की चालू लागते. हात धरलेला खपत नाही. म्हणते, मी काय कुक्कुलं बाळ आहे?
बोलपट म्हणजे तिचा जीव की प्राण. इंग्रजी निम्मंअर्धं कळतं, पण कोण खोटं बोलतंय ते आवाजावरून बरोबर ओळखते. पडद्यावरच्या गमती मी तिला घरी गेल्यावर सांगते. माइक फुलदाणीत लपवलेला असतो, म्हणून सगळी पात्रं तिच्याभोवती गोळा होऊन बोलतात. आजचा नायक तर प्रेयसीकडे पाठ फिरवून फुलदाणीलाच लग्नाची मागणी घालत होता. आई हसून हसून बेजार झाली. इतकी खूश ती किती दिवसांनी दिसली.

९ मार्च
रीळ तुटलं. नेमकं नायिका हसते तिथेच. खाली शिट्ट्या सुरू झाल्या. मी फाटका भाग कापला, टोकाला टोक जोडलं आणि दिलं चालू करून. काळी फिल्म कपाटात होती, पण शोधत कोण बसणार? नायिकेने तोंड मिटल्यावर तिचं हसू ऐकू आलं. लोकांना वाटलं, जुना सिनेमा, चालायचंच.

१० मार्च
सकाळी हातातून कप निसटला. फुटला. आवाज जरा नंतर आला. झोप नीट झाली नसेल.

१२ मार्च
रीळ रोज त्याच जागी तुटतं. मी रोज कापते. मालकांना सांगायचा धीर होत नाही, नोकरी जाईल. आज पोस्टमन काहीतरी बोलला, जिना उतरून गेला, मी दार लावलं, आणि मग त्याचं बोलणं ऐकू आलं. मालक म्हणतात, कानात मळ झालाय बहुतेक. म्हणजे त्यांनाही. हे मी केलंय.

१४ मार्च
आई. आधी कसं सुचलं नाही मला? तिला वाटतं, वयाने कान जड झाले. बाकी ताडून बघायला तिला दिसतंय काय? आज ट्रक तिच्या कोपराजवळून गेला. तिच्या लेखी रस्ता शांत होता. ट्रकची घरघर ती थिएटरच्या दारात पोचल्यावर आली. त्यावर म्हणते, बघ, वेळेवर ओलांडला.
तिला सगळं सांगितलं. तिने हसण्यावारी नेलं.

१५ मार्च
बाहेरून कुलूप लावून आले. आईने हाका मारून शेजारणीकडच्या जादा किल्लीने उघडून घेतलं. खेळाला हजर.

१६ मार्च, सकाळ
काळी फिल्म जोडली. कापलेले तुकडे कचऱ्यात गेलेले, म्हणून अंदाजाने. ओठ आणि शब्द जुळेपर्यंत जोडत राहिले. लांबच लांब पट्टी झाली. ती पडद्यावर आली तेव्हा खोलीतला दिवाही गेला, पट्टी संपल्यावर आला. वायरिंग बघायला हवं. टाळी वाजवली. आवाज तिथल्या तिथे. रडूच आलं मला.

१६ मार्च, दुपार
खेळ सुरू. रस्त्याकडच्या खिडकीत बसलेय. आई पलीकडे उभी, कान देऊन— ट्रक आणि हॉर्न एकदमच आले. थांबली. बरोबर थांबली. सुटले मी.
ट्रक गेला. निघाली. दुसरा येतोय, पण लांब आहे, ड्रायव्हरने तिला बघितलंय, वेग कमी करतोय—
नायिका हसायला लागली. पट्टीची जागा. पडदा काळा—
खिडकीही. रस्ता नाही. माझाच हात मला दिसत नाही, न बघता लिहितेय— भर दुपारी—
तिला अंधाराचं काही नाही. कानाने चालते ती. काठी ऐकू येतेय, मधोमध आलीय—
पण ड्रायव्हरला