गाडीचा कान

वस्ताद, तुम्ही गेल्याला सात वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गाडीखाली पडून तुमच्याशी पुष्कळ बोललो, भांडलोसुद्धा, पण कागदावर आज पहिल्यांदाच. तुम्हाला एक विचारायचं आहे. सकाळचे अकरा वाजलेत. शटर अर्धंच वर केलंय, आज काम घेतलेलं नाही. मंगळवार पेठेतल्या आपल्या गल्लीच्या तोंडाला मांडव आहे, अक्षता पडून गेल्या, आता पंगती चालल्या आहेत. लग्न तिचं आहे. आणि मांडवाच्या कडेला, बोनेटवर फुलं लावून, तिच्या वडिलांचं ते कासव उभं आहे. तेच, गोल पाठीचं, मागं इंजिन असलेलं, पाण्याऐवजी वाऱ्यावर थंड होणारं. त्याला हात लावायच्या आधी तुम्ही हात धुवायचा. काल मी त्याची चावी तिच्या हातात दिली. आज दुपारी त्याच गाडीतून पाठवणी, थेट राधानगरीच्या पुढं, चढावर. ऊन आत्ताच पाठीत घुसतंय.

कॉलेज अर्ध्यात टाकून तुमच्याकडं आलो तो दिवस आठवतो. एका सरांची कॉलर धरली होती, कॉलेजातनं काढून टाकतील म्हणून मीच आधी निघालो. तुम्ही जुम्म्याची नमाज पढून आलेला, टोपी घडी करून खिशात घालत होता. "कालेज सोडलंस व्हय? मग हितं खुर्ची न्हाय बघ. गाडीखाली पोतं हाय, त्यावर पड." त्याच दुपारी तुम्ही दोन सिलेंडर हेड शेजारी शेजारी मांडली. जुन्याला हवा-पेट्रोल आत घ्यायला एकच तोंड, दोन सिलेंडरनी ते वाटून घ्यायचं. नव्याला दोन तोंडं, ज्याचं त्याला. मी लगेच म्हणालो, मग नवंच भारी की. "वढतंय जास्त," तुम्ही म्हणाला, "पर तापलं की तडकतंय. एकतोंडी कमी पळतंय, पर टिकतंय. आनि दुतोंडी हेडाचं काय न्हाय रे, त्याची दोन तोंडं दिसत्यात तरी. माणसाची कुठं दिसत्यात?" मी हसलो. ते जुनं एकतोंडी हेड अजून टेबलावर आहे, बिलं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवतो.

एकतोंडीला बारका कार्बोरेटर, दुतोंडीला मोठा, हे मी आठवड्यात शिकलो. पण बारका असो की मोठा, पेट्रोल आत येणारी पितळी नळी दोन्हीला सारखीच. करंगळीपेक्षा बारीक, भोकात नुसती ठोकून बसवलेली, आटे नाहीत की स्क्रू नाही. गाडी देताना तुम्ही इंजिनाचं झाकण उघडायचा आणि ती नळी दोन बोटांत धरून पिळून बघायचा. गाडीचा कान पिळल्याशिवाय चावी द्यायची नाही, हा आपल्या गॅरेजचा कायदा. एकदा मी तो मोडला. गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत गेलं होतं. तुम्ही अनवाणी पळत जाऊन गाडी थांबवलीत, परत आणलीत, कान पिळलात. घट्ट होता. तरी त्या माणसादेखत माझा कान पिळलात. मी तडकलो, "घट्टच होता की, एवढं काय त्यात?" तुम्ही डाव्या हाताची बाही वर केलीत. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी मेण वितळून थिजावं तशी. "तापली की नळी सुटती. पेट्रोल उडतंय ते थेट करंटच्या ठिणगीवर. आनि ह्या इंजिनाचा धातू पेटला की पांढरा पेटतोय. मी पाणी मारलं. पाण्यानं आनिकच चेकाळला." गाडीत कोण होतं, मी विचारलं. तुम्ही बाही खाली ओढलीत. "इंजिन मागच्या सीटच्या पाठीशी असतंय," एवढंच म्हणालात. त्या संध्याकाळी तुम्ही मला स्वतःची पक्कड दिलीत, तार आवळायची, मूठ जळून काळी पडलेली.

आज जिचं लग्न आहे ती तेव्हा वडिलांबरोबर यायची. स्टुलावर बसून तुमच्या बशीतला चहा प्यायची आणि तुम्ही कान पिळताना म्हणायची, "चाचा, तिला दुखत न्हाय काय?" तुम्ही म्हणायचा, "दुखलं तरच बरं, पोरी. घट्ट हाय म्हंजे." तुमच्यामागं ती एकटीच गाडी घेऊन येऊ लागली. किती वेळा आली, कशाकशाला आली, ते तुम्हाला सांगायला लाज वाटते. गेल्या वर्षी म्हणाली, घरी येऊन आबांना लग्नाचं नीट विचार. गेलो. तिच्या वडिलांनी शिक्षण विचारलं. नुसतं विचारलं, वस्ताद, आज कळतंय. मी त्यांचीही कॉलर धरली. ती दारात उभी होती. "परत ह्या उंबऱ्याला दिसू नकोस," ते म्हणाले. तिनं माझा नंबर बंद करून टाकला.

पण कासवाला हात लावणारं या गावात दुसरं कोण आहे? परवा ती स्वतःच गाडी घेऊन आली, पुढच्या सीटवर नव्या कार्बोरेटरचा खोका. "आबा म्हणत्यात, दुतोंडी हेड हाय तर मोठा टाक. चढाला दम पायजे." हातावर मेंदी ताजी होती. माझ्याकडं बघितलं नाही. दोन दिवस मी जीव लावून काम केलं. इंजिन असं चालतंय की तुम्ही खूश झाला असता. शेवटी कान पिळला. नळी फिरली. हलली नाही, वस्ताद, फिरली, बाटलीच्या बुचासारखी. दहा मिनिटांचं काम. नळी काढायची, खरवडायची, परत ठोकायची, वर तार आवळायची. मी झाकण लावलं.

ती आली. चावी घेताना थांबली. "कान पिळलास?"

"पिळला," मी म्हणालो.

खोटं बोललो का? पिळला होताच की. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं, जुनं काहीतरी आठवल्यासारखी हसली आणि आमच्याकडच्या पोरी म्हणतात तसं म्हणाली, "जातो मी." मी हात पुसत उभा राहिलो. तुम्ही अनवाणी पळाला होता. मी गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत बसलो.

सकाळपासून मनाला समजावतोय. लगेच नाही सुटायची. सुटली तरी गाडी नुसती बंद पडेल. पडू दे बंद, चढावर, सगळ्या वऱ्हाडादेखत, मग कळेल माझ्याशिवाय कसं होतंय ते. हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मागच्या सीटवर ती बसणार आहे. जायचं म्हटलं तर मांडव शंभर पावलांवर. पण तिथं जाऊन काय सांगू? नळी सुटत होती आणि मला ठाऊक होतं? चारशे माणसांत, त्या आबांसमोर, तिच्यासमोर?

आत्ताच आवाज आला. ती टकटक मी झोपेतही ओळखीन. कुणीतरी गाडी गरम करायला लावली. पाठवणीला अजून वेळ आहे असं मी धरून चाललो होतो.

पक्कड घेतली आहे. तार खिशात आहे. हा कागद त्या एकतोंडी हेडाखाली दाबून ठेवतो, दुसरीकडं कुठं पाठवणार? फक्त एक. तुम्हाला काहीतरी विचारायचंय असं वर लिहिलंय, ते खरं नाही. काय करायचं ते मला कालच ठाऊक होतं. मी वेळ जावा म्हणून लिहीत होतो.