चढावर तापणारी गाडी

४ मार्च, रविवार
गाडी परत तिथंच तापली. शिरूर अनंतपाळचा फाटा सोडला की चढ लागतो, त्या चढावर. मागच्या उन्हाळ्यात वकील गेले ती जागा. लग्नाआधीपासून नवऱ्याला वकीलच म्हणत आले, आता काय बदलायचं. त्या दिवशी ते नायगावला त्यांच्या आईंकडे निघाले होते. गाडी नीट कडेला घेतली, किल्ली बंद केली, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि गेले. छातीचं दुखणं म्हणाले डॉक्टर.
आज मी कॅनमधलं पाणी ओतून पुढं गेले. आईंना उशिराचं कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. लेकाचं नाव त्या घेतच नाहीत.

५ मार्च, सोम.
गाडी रहीममिस्त्रींच्या गॅरेजात टाकली. धाकटे दीर आले होते. "वहिनी, विकून टाका. लातूर जिल्हा नवा झाला, ज्याच्या त्याच्या बुडाखाली जीप आली, अन् तुम्ही हे खटारं ढकलत बसलात."
भाऊजींचं खरं आहे. मलाही ती नको झालीय. ज्या सीटवर ते गेले त्याच सीटवर बसून चालवते. पाठीला ऊब लागते. ऊन असतं, दुसरं काय. तरी मागं टेकत नाही. भीती वाटते म्हणून कुणाला सांगणार, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते मी.

८ मार्च, गुरु.
मिस्त्री म्हणाले, "चढावर कुठलीबी गाडी तापतीच मॅडम. पण हिचा रोग येगळा हाय." रेडिएटर उघडून दाखवला. आत पांढरा थर, चुन्यासारखा. "खारं पाणी पाजलंय हिला. लई दिवस. थर पार इंजिनात गेला. एक तर सगळं उतरवून धुवावं लागंल, न्हाईतर सोडून द्या. सोमवारी सांगा."
खारं कुणी घातलं? घरातून मी टँकरचं गोडं पाणीच देत होते. प्यायला कमी पडलं तरी गाडीचा कॅन आधी भरायचा, शेजारणींची नजर चुकवून. दुष्काळात गाडीला गोडं पाणी म्हणजे लाजच. पण वकिलांना कोर्टाच्या तारखा, आईंच्या फेऱ्या. गाडी बंद पडून चालणार नव्हतं.
राग आलाय. कुणाचा, ते कळेना.

११ मार्च, रवि.
एस.टी.नं गेले. चढावर उतरले. कंडक्टर म्हणाला, "इथं कोण हाय तुमचं?"
तिथं एकच झोपडी. सोजरबाई नावाची बाई. त्या दिवशी हिनंच रस्त्यावरची माणसं गोळा केली होती. वर्षभरात मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. गाडी तापायची ती इथंच, पाणीही इथंच भरत असतील, म्हणून खाऱ्या पाण्याचं विचारलं.
"साहेबच न्यायचे की. घरचा क्यान आमच्या रांजणात ओतायचे अन् हिरीतलं खारं भरून न्यायचे. म्या नगं म्हनायची. तर म्हनायचे, माणसाला प्यायला न्हाई, गाडीला कशाला गोडं."
मला एका शब्दानं बोलले नाहीत.
"त्या दिवशी?"
"त्या दिशीबी ओतलं. खारं भरून घेतलं. मग दारात जरा हुभे ऱ्हायले. लई घामाघूम. कायतरी मागतील वाटलं. न्हाई मागितलं."
मग म्हणाली, "पाणी प्या म्हनायचं व्हटावर आलं व्हतं. पण एवढा मोठा माणूस, आमच्या घरचं पिईल का, म्हनून गप बसले."
वकील कुणाच्या दारात प्यायला पाणी मागत नसत. आईंनी लहानपणीच बजावलेलं. गावच्या विहिरीवर लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे, तेव्हाचं. दीक्षा घेतली, वकिली केली, नव्या जिल्ह्याच्या कोर्टात आवाज चढवला, तरी ते सुटलं नाही. स्वतःची सुरई घेऊन फिरायचे. त्या दिवशी ती जवळ नसावी, आदल्या फेरीत आईंच्या दारातच राहिली असेल.
रांजण भरलेला. त्यांनीच भरलेला. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना गप्प.
मी तिच्याकडे तांब्याभर पाणी मागितलं आणि प्याले. रडायला तिथंच आलं, वर्षानं.

१२ मार्च, सोम.
मिस्त्रींना उत्तर देणार होते. दिलं नाही. भाऊजींनी गिऱ्हाईक आणलं, त्यालाही परत पाठवलं. भाऊजी फुगलेत.
तो थर म्हणजे वकिलांचा अख्खा उन्हाळा आहे. मला तो धुऊन टाकायचा नाही. न धुता गाडी चालत नाही. विकली तर दुसरा कोणी धुवेल. कॉलेजात पोरांना सांगते की दोन्हीपैकी एक तरी धरावंच लागतं.

१८ मार्च, रवि.
एस.टी.नं नायगाव. आई दळण निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चढावर उतरली व्हतीस म्हनं. गावातल्यानं बघितलं." सोजरबाईचं सांगितलं. ते दारात उभे राहिले, इथपर्यंत सांगितलं आणि थांबले.
"पाणी मागितलं का त्यानं?"
त्यांचे हात सुपावरच थांबले होते. नाही म्हणणं मला जमलं नाही. म्हटलं, "मागितलं. पोटभर प्याले."
आईंनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, लेकानं आपला शब्द मोडला म्हणून दुखावल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बरं केलं लेकरानं. मला ने त्या बाईकडं. तिच्या हातचं मीबी पिते."
आईंना एस.टी. झेपत नाही. न्यायचं तर गाडी उभी करावी लागेल. आणि नेलं, तर सोजरबाई काही खोटं बोलायची नाही.
येताना लातूरला गॅरेजवरून आले. मिस्त्रींनी हाक मारली, "मॅडम, काय ठरलं?"
उद्या सांगते म्हटलं.